एका फ्रेंच पलटणीचा क्रमपाठ

नूअर्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतली दर्भाची जुडी दोन बोटांनी उचलून उजेडात धरली. त्याच्या हातांत रबरी मोजे होते. चेहरा मात्र सौम्य होता.

"हे काय आहे?"

"गवत," मी म्हणालो. माझे इंग्रजी शाळेत शिकलेले आणि पुढे फारसे न वापरलेले.

"कशासाठी?"

"माझ्या वडिलांसाठी."

"ते कुठे आहेत?"

याचे खरे उत्तर द्यायचे तर पितृलोकाचे वर्णन करावे लागले असते, आणि माझ्यामागे रांग मोठी होती. "ते वारले," एवढेच मी म्हणालो. त्याने आपली टोपी सारखी केली, "आय ॲम सॉरी, सर" असे मनापासून म्हटले, आणि तितक्याच सौम्यपणे जुडी बाजूच्या पिंपात टाकली. परदेशी गवताला या भूमीत प्रवेश नाही. काळे तीळ त्याने परत दिले. आयुष्यभर पाठशाळेत वेदपठण शिकवणारा, कुरुंदवाडचा एक निवृत्त शिक्षक अशा रीतीने दर्भाविना अमेरिकेत दाखल झाला. साल २००८. वैशाख सरत आला होता, मुक्काम आश्विनापर्यंतचा होता, आणि मधला पितृपक्ष येथेच यायचा होता.

मुलगी वसुधा आणि जावई गिरीशराव नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी या गावी राहतात. गाव म्हणावे तर बाजारपेठ नाही, वेस नाही. उंच पाइन वृक्षांच्या सावलीत घरे पसरलेली आणि प्रत्येक घरापुढे हिरवळ. दर्भाची हकीकत ऐकून गिरीशराव हसले.

"अण्णा, टेन्शन नका घेऊ. एडिसनला माझा मित्र आहे. तिथे ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत सगळं मिळतं. त्याला सांगतो, कुरिअर करेल."

चार दिवसांनी त्या मित्राचा फोन आला. दुकानदार विचारत होता, लेमनग्रास चालेल का?

शास्त्राने अडचणीच्या वेळी दर्भाच्या जागी दूर्वा सांगितल्या आहेत. म्हणून मी सकाळच्या फेरीत लोकांच्या हिरवळी न्याहाळू लागलो. पण ते लाडावलेले, खतपाणी घालून वाढवलेले गवत वेगळ्याच जातीचे होते. एकदा एका घरापुढे वाकून पात्यांचा जोड पाहत असता मालकीणबाई बाहेर आल्या.

"काही हरवलं का तुमचं?"

"होय. पण ते येथे हरवलेले नाही," मी म्हणालो. त्यांनी मला थंड पाणी आणून दिले आणि मी दिसेनासा होईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. संध्याकाळी वसुधा म्हणाली, "अण्णा, प्लीज दुसऱ्यांच्या लॉनमध्ये शिरू नका हं. इथे लोक पोलीस बोलावतात." त्यानंतर मी फक्त वस्तीतल्या तळ्याकाठच्या पायवाटेने फिरू लागलो.

तेथे मला एक गृहस्थ प्रथम दिसले. पांढरे केस बारीक कापलेले, देह लहानखुरा पण ताठ, वय माझ्याहून पुष्कळ अधिक. तळ्याकाठच्या बाकावर बसून, डोळे अर्धे मिटून, ते रोज सकाळी पुटपुटत काही म्हणत. अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत असे. जप चालला आहे, याविषयी मला शंका राहिली नाही. दुसऱ्याचा मंत्र कानांवर पडू देऊ नये, असे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. त्यामुळे त्या बाकाजवळ येताच मी मनात विष्णुसहस्रनाम सुरू करीत असे आणि तो संपूर्ण टप्पा आपल्याच नामघोषात ओलांडीत असे. ओठ थांबले की ते मान लववीत, मीही लववी. ज्येष्ठ आणि आषाढ असेच गेले. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, तरी ओळख असल्यासारखे झाले होते.

श्रावणात बाक रिकामा राहू लागला. मला चुकल्याचुकल्यासारखे वाटे. पुष्कळ दिवसांनी ते पुन्हा दिसले, तेव्हा हातात काठी होती, उजवा गाल किंचित ओघळला होता, आणि जप मध्येच तुटत होता. काही क्षण म्हणायचे, थांबायचे, मूठ आवळून पुन्हा आरंभ करायचे. तुटलेला पाठ पाहून वेदपाठशाळेच्या शिक्षकाला पुढे जाववत नाही. मी त्यांच्याजवळ बसलो.

"क्षमा करा. आपला जप मी मोडत नाही ना?"

"जप?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. बोलणे संथ झाले होते, पण डोळे धारदार. "महाशय, ती माझी माणसं आहेत. मेलेली."

त्यांचे नाव लुस्याँ. जन्माने फ्रेंच, तरुणपणी ते एका हवाई पायदळ पलटणीत होते, म्हणजे विमानातून छत्री बांधून उडी घ्यायची आणि जमिनीवर पाय टेकताच पायदळासारखे लढायचे, अशा शिपायांच्या पलटणीत. त्या पलटणीचा इतिहास त्यांनी मला त्या बाकावर पुढचे कित्येक दिवस सांगितला. घरच्या वाचकांसाठी तो थोडक्यात लिहितो.

फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली होता, तेव्हा ही पलटण उत्तर आफ्रिकेत उभी राहिली. कोणी तिथलेच रहिवासी, कोणी पिरेनीज पर्वत पायी ओलांडून, स्पेनच्या तुरुंगात उपाशी राहून तेथवर पोहोचलेले. पुढे सिसिली बेटावर अमेरिकन छत्रीधाऱ्यांबरोबर त्यांचे शिक्षण झाले. बूट अमेरिकन, छत्र्या अमेरिकन, शिव्या फ्रेंच, असे लुस्याँ म्हणाले. उडीची तयारी व्हायची आणि हुकूम रद्द व्हायचा. अखेरीस त्यांना मालमोटारींत घालून फ्रान्समधल्याच व्होज पर्वतातल्या अरण्यात पाठवले. पावसाळी शरद ऋतू होता. तोफेचे गोळे झाडांच्या शेंड्यांवर फुटत आणि लाकडाच्या ढलप्या वरून सुऱ्यांसारख्या पडत.

"आम्ही आकाशातून उतरायला शिकलो होतो," ते म्हणाले. "आणि मेलो चिखलात चालताना. देवाला विनोद कळतो, प्रोफेसर."

मला ते प्रोफेसर म्हणत. मी तसा नाही हे सांगून पाहिले. त्याचा उपयोग झाला नाही.

त्यांच्या तुकडीत एक रीत पडली. रोज सकाळी सार्जंट गेलेल्यांची नावे, ज्या क्रमाने ते पडले त्या क्रमाने, मुखोद्गत म्हणत असे. कारण अरण्यात कागद टिकत नव्हता. प्रत्येक नावाला उरलेले सगळे उत्तर देत: "मॉर पूर ला फ्राँस" (फ्रान्ससाठी देह ठेवला). चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. सार्जंट पडल्यावर ते काम लुस्याँकडे आले आणि सार्जंटचेच नाव त्यांनी शेवटी जोडले. युद्धानंतर त्यांनी सिसिलीतल्या एका अमेरिकन सोबत्याच्या बहिणीशी लग्न केले आणि येथे येऊन जन्मभर लष्करासाठी छत्र्यांच्या घड्या घातल्या. दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, छत्रीधाऱ्यांचा पाठीराखा संत मिखाएल याच्या सणाला, फेयेटव्हिल गावच्या एका चर्चमागे जुने सैनिक जमत आणि लुस्याँ नावे म्हणत. कागद कधी हातात घेतला नाही.

मी परसत्तेखाली जन्मलेल्या पिढीतला. म्हणून विचारले, "ही पलटण पुढे कोठे लढली?"

ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "हिंदचीनमध्ये. मग अल्जिरियात. मी त्याआधी गणवेश उतरवला होता, पण ते नाकारत नाही. माझ्या नावांमध्ये एक बेनसाइद आहे, अल्जिरियाचा. त्याला धाकटा भाऊ होता. पुढे माझ्याच पलटणीने त्या भावावर बंदूक रोखली का, मला ठाऊक नाही. विचारायला मी परत गेलो नाही." आणि काठी आपटून म्हणाले, "चला. बर्नार, गार्सिया, मोरेल..."

तेथेच पाठ तुटे. मोरेलनंतर ते थेट बेनसाइद म्हणत आणि लगेच मान हलवत. "नाही. या दोघांच्या मध्ये एकजण आहे. माणूस दिसतोय, नाव गेलं."

आजाराने नेमके एक नाव नेले होते. संत मिखाएलाचा सण महिन्यावर आला होता.

आमच्या पठणात अशा वेळी क्रमपाठाचा आश्रय घेतात. पहिले पद दुसऱ्यासह म्हणायचे, मग दुसरे तिसऱ्यासह, मग तिसरे चौथ्यासह. साखळीच्या कड्यांप्रमाणे प्रत्येक पद मागच्यात आणि पुढच्यात अडकलेले. म्हणून हजारो वर्षे एक अक्षर गळले नाही. मी हे समजावू लागलो, तर त्यांनी मला अर्ध्यावरच थांबवले.

"ठाऊक आहे मला! विमानात दारापाशी रांग लागते, तेव्हा प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीवरची छत्री तपासायची. पट्टे, बकल, दोरी. मागचा माझी तपासतो, मी पुढच्याची. मग ओरडून सांगायचं, ठीक आहे."

"तोच क्रमपाठ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची फेरी संपवून मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. मागच्या अंगणात अंजिराचे झाड फळांनी लगडलेले, त्याखाली दोन खुर्च्या. बर्नार-गार्सिया, गार्सिया-मोरेल. ते एक जोडी म्हणत, मी दुसरी. त्यांची लेक क्लेअर शाळेत शिकवून दुपारी येई, तेव्हाही आमचे चाललेले असे. पहिल्या दिवशी तिने कांद्याचे सूप पुढे ठेवले. मी विचारले, त्यात काय आहे? गाईच्या हाडांचा रस, असे उत्तर आले. मी हात जोडून वाटी दूर सरकवली.

"एका वाटीनं तुमचा देव रागावेल?" लुस्याँ म्हणाले.

"देव नाही रागावणार. गाय रागावेल."

ते इतके हसले की क्लेअर धावत आली. त्या दिवसापासून माझ्यासाठी बशीत अंजिरे आणि मस्कडाइन (या प्रांतातली जाड सालीची रानद्राक्षे) येऊ लागली. वसुधाच्या हातच्या वड्या मी नेत असे. लुस्याँ त्या मिटक्या मारीत खात आणि गाय यावर खूश आहे ना, असे रोज विचारीत.

एके दिवशी मात्र क्लेअर मला फाटकापर्यंत पोहोचवायला आली.

"तुम्ही माझ्या वडिलांना डोंगर चढायला लावताय. इंटरनेटवर पलटणीच्या सगळ्या मृतांची नावं आहेत. मी ती छापून घेतली आहेत. त्यांनी एकदा पाहिलं तर संपलं. पण ते बघत नाहीत. सगळ्यांसमोर ते अडखळले, तर पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत. मी त्यांना ओळखते. त्या दिवशी तुम्ही आपल्या देशी जायच्या तयारीत असाल. मी इथे असेन."

तिचे बोलणे खरे होते. पण पोथीत पाहून म्हणणाऱ्याला आमच्या परंपरेत अधम पाठक मानतात, आणि लुस्याँनी तेच आपल्या शब्दांत सांगितले होते: कागदावरून वाचले तर कचेरीला आठवले, मला नाही. मी क्लेअरला म्हणालो, "त्यांना चढायचे आहे. मी फक्त बरोबर चालतो आहे." फाटक जरा जोराने लागले.

त्या रात्री मला एक सोपी वाट सुचली. सर्वपित्री अमावास्येला ज्यांचे नाव-गोत्र ठाऊक नाही अशांनाही आपण तिलोदक देतो. दुसऱ्या दिवशी मी लुस्याँना म्हणालो, "मोरेलनंतर 'अज्ञात' म्हणा. देवाला कळेल."

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. खुर्चीखालची मांजर पळाली.

"अज्ञात? आदल्या रात्री त्यानं मला आपले कोरडे मोजे दिले! स्वतः ओल्या पायांनी झोपला. सकाळी गेला. त्याला मी अज्ञात म्हणू? प्रोफेसर, तुमचा देव दयाळू असेल. मी नाही."

ज्यांना खरोखर कोणी ओळखत नाही, त्यांच्यासाठी ती सोय आहे; विसरणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. हे मी इतकी वर्षे शिकवले होते आणि ऐन वेळी मीच सोपी वाट धरली होती. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

दिवस जात होते. गिरीशरावांच्या ऑफिसात त्या महिन्यात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. बँका कोसळताहेत, कोणाचा जॉब राहील कोणाचा जाईल, हीच चर्चा. तरीही एका संध्याकाळी ते माझ्याजवळ बसले. "अण्णा, तुम्ही तर दोन महिने रोज त्यांच्यासमोरून जायचात ना? तेव्हा ते नाव त्यांना येत होतं. तुमची मेमरी तर टेप रेकॉर्डर आहे यार— सॉरी, अण्णा. तुम्हाला काहीच आठवत नाही?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायचे टाळत होतो. आठवावे कसे? मंत्र समजून मी कान वळवले होते. रोज तो टप्पा विष्णूच्या नामांनी भरून टाकला होता. एकदा ऐकलेले न विसरणारा मी, जे ऐकायला हवे होते तेच आदराने ऐकले नव्हते. त्या रात्री अंथरुणावर मी तो बाक डोळ्यांपुढे आणला. ओठ हलत आहेत, अंगठा पेरांवर सरकत आहे. आणि मध्येच, रोज, त्याच चौथ्या पेरावर, म्हणजे मोरेलनंतर लगेच, हनुवटी वर उचलली जाते.

कान मी वळवले होते. डोळे नाही.

पाठशाळेत लहान मुलांना स्वर शिकवताना आम्ही त्यांचे डोके हाताने धरतो. स्वर खाली तेथे मान खाली, स्वर वर तेथे मान वर. पुढे म्हातारपणी पद विसरले, तरी मान आपणहून हलते आणि मानेमागून पद येते. दुसऱ्या दिवशी मी लुस्याँना विचारले, "मोरेलनंतर आपण मान वर का करीत होता?"

"मी?" ते चकित झाले. मग त्यांनी नकळत हनुवटी उचलली आणि तशीच धरून ठेवली. "उंच होता तो. फार उंच. विमानाच्या दारात डोकं आपटायचं त्याचं, दर वेळी, आणि सगळे हसायचे. रांगेत मी त्याच्या मागे असायचो. त्याची छत्री तपासायला मला वर बघावं लागायचं." डोळे ओले झाले. "माणूस आला, प्रोफेसर. नाव दारातच उभं आहे."

त्यानंतर प्रत्येक वेळी मोरेलपाशी ते मान वर करीत. नाव आले नाही. क्लेअर स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असे.

सोहळा सणाच्या आदल्या रविवारी होता. कुरुंदवाडहून आणलेल्या पंचांगात सर्वपित्री अमावास्या सोमवारी दुपारी संपत होती. येथली घड्याळे साडेनऊ तास मागे, म्हणून येथल्या आकाशात ती सोमवार उजाडण्यापूर्वीच संपणार आणि रविवारचा दिवसभर राहणार होती. म्हणजे तर्पणही रविवारीच, अपराह्णकाळी.

"दोन्ही कसं मॅनेज करणार, अण्णा?" वसुधा म्हणाली. "फेयेटव्हिल इथून दीड तास आहे. त्यापेक्षा ते कॅन्सल करा ना. घरी शांतपणे तर्पण होईल."

"मी जेथे असेन तेथे तर्पण होईल," मी म्हणालो. तीळ, तांब्याचे ताम्हन आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली. दर्भ नव्हताच.

गिरीशरावांनी गाडी काढली. दक्षिणेकडे जावे तसतशी माती वाळूची होत गेली आणि पाइनची पाने हातभर लांब झाली. चर्च लहान होते, पांढऱ्या फळ्यांचे. मागच्या मोकळ्या जागेत एक बुटका दगड, त्याभोवती पंधरा-वीस माणसे. बहुतेक वृद्ध अमेरिकन सैनिक, दोघे चाकांच्या खुर्चीत, आणि लाल टोपीतला एक तरुण फ्रेंच अधिकारी. वारा सुटला होता. माझे धोतर फुगले तसे लुस्याँ दुरूनच ओरडले, "प्रोफेसर, तुमची छत्री उघडली! पाय जोडून उतरा!" सगळे हसले.

आधी प्रार्थना झाली. मग लुस्याँ दगडापाशी उभे राहिले. काठी त्यांनी क्लेअरकडे दिली.

"बर्नार."

"मॉर पूर ला फ्राँस." वृद्ध अमेरिकनांचे उच्चार ओबडधोबड, पण आवाज एक.

"गार्सिया." उत्तर. "मोरेल." उत्तर.

हनुवटी वर गेली. ओठ उघडे राहिले. काहीच आले नाही.

पाइनच्या पानांतून वाऱ्याचा आवाज येत होता. कोणी खोकले. फ्रेंच अधिकाऱ्याने नजर खाली वळवली. क्लेअरने पर्स उघडली. घडी केलेल्या कागदाचा कोपरा मला दिसला. ती एक पाऊल पुढे आली. मी तळहात उभा धरून तिच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग होता आणि भीती त्याहून मोठी. ती थांबली, पण कागद हातातच होता.

लुस्याँनी श्वास घेतला.

"बर्नार-गार्सिया," ते म्हणाले.

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. बिचाऱ्याला भ्रम झाला, असे त्यांच्या चेहऱ्यांवर उमटले. चाकांच्या खुर्चीतले एक गृहस्थ मात्र खणखणीत आवाजात उत्तरले, मग बाकीचेही. "गार्सिया-मोरेल." उत्तर. क्लेअरच्या गालांवरून पाणी वाहत होते. मी हलकेच म्हणालो, "ते चुकत नाहीत. ते तपासत आहेत."

शिष्य अडला असता गुरूने पद सांगायचे नसते. आणि मला तर ते ठाऊकही नव्हते. मी त्यांच्या समोर उभा होतो. त्यांची नजर माझ्यावर आली तेव्हा मी आपली मान वर उचलली, पाठशाळेत उचलतो तशी. त्यांनीही उचलली. त्यांची दृष्टी माझ्या डोक्यावरून, पाइनच्या शेंड्यांवरून, कोठे तरी वर गेली. आणि हात आपोआप पुढे झाला, दोन बोटे हवेतला एक पट्टा ओढून पाहू लागली.

"मोरेल," ते म्हणाले. बोटे घट्ट झाली. "मोरेल-देलमास."

मग मोठ्याने, दारातून ओरडावे तसे: "देलमास-बेनसाइद!"

उत्तर ऐकून चर्चच्या कौलांवरचे पक्षी उडाले. पुढची नावे त्यांनी जोड्यांनीच म्हटली, शेवटच्या सार्जंटपर्यंत, कोठेही न अडखळता. क्लेअरने कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला. मग तिने काठी वडिलांच्या हाती दिली आणि बराच वेळ ती त्यांच्या खांद्यावर डोके टेकून उभी राहिली.

खुर्चीतल्या गृहस्थांनी नंतर विचारले, "लुस्याँ, गड्या, प्रत्येकाला दोन-दोनदा का मारलंस?"

"मारलं नाही," लुस्याँ म्हणाले. "प्रत्येकाला मागून आणि पुढून धरलं. तुझी छत्री मी तपासली असती, तर तू आज चालत असतास."

सूर्य कलला होता. मी बाजूला जाऊन खाली पाहिले. त्या वाळूट जमिनीत, दगडाच्या पायथ्याशी, कोणी न लावलेले गवत पसरले होते: जमिनीला बिलगलेले कांडे, कांड्याकांड्याला फुटवा. दूर्वा. मी प्रार्थना करून थोड्या खुडल्या, पीळ देऊन पवित्रक केले आणि अनामिकेत घातले. गिरीशराव तांब्याचे ताम्हन धरून उभे राहिले. वडील, आजोबा, पणजोबा, आईकडचे, गुरुजन यांना उदक दिल्यावर मी थांबलो. शास्त्राने मित्रांनाही उदक सांगितले आहे आणि गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, असेही सांगितले आहे. नाव मात्र लागते.

"लुस्याँ महाशय," मी हाक मारली, "क्रमाने सांगा."

ते दगडाला टेकून नावे सांगत गेले. काश्यपगोत्र बर्नार. काश्यपगोत्र गार्सिया. मोरेल. देलमास. काश्यपगोत्र बेनसाइद. अंगठ्याच्या मुळावरून काळे तीळ आणि पाणी घसरत वाळूत जिरत होते. फ्रेंच अधिकाऱ्याने आपली लाल टोपी काढून हातात धरली.

"प्रोफेसर," निघताना क्लेअरच्या गाडीच्या काचेतून लुस्याँ म्हणाले, "तुम्हाला आता सगळी पाठ आहेत ना? पुढच्या वर्षी मी असेन किंवा नसेन. पाठ एकाच गळ्यात राहू नये."

"आमच्याकडेही राहू देत नाहीत," मी म्हणालो.

दसऱ्यानंतर मी निघालो. विमानतळावर कोणी माझी पिशवी उघडली नाही. आत सुकलेल्या दूर्वांचे पवित्रक होते. विमान समुद्रावर आले, दिवे मंद झाले, आणि मी अंगठा पेरांवर ठेवून म्हणू लागलो. शेजारच्या आसनावर अमेरिकेतल्याच शॉमबर्ग गावाहून पुण्याला निघालेल्या एक बाई होत्या, वसुधाच्याच वयाच्या. त्यांनी माझे ओठ हलताना पाहिले आणि घाईने कानांत यंत्र घालू लागल्या.

"सॉरी काका, तुमचा जप चाललाय का? मी नाही ऐकत हं."

"नाही, बाई," मी म्हणालो. "कान वळवू नका. ऐका. पहिला बर्नार."